तुटण्याआधी सांगणारा चिमटा

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं, त्याला लातूरच्या सायकल दुकानांत ‘चिमटा’ म्हणतात. ऑनलाइन घ्यायला गेलं की तोच ‘फोर्क’ होतो आणि आत स्प्रिंग असली की ‘सस्पेन्शन फोर्क’. मिस्त्री लोक त्याला ‘शॉकअपचा चिमटा’ म्हणून मोकळे होतात. नाव काहीही घ्या, एक गोष्ट बदलत नाही. मागचं चाक निखळलं तर सायकल फरफटत थांबते. पुढचं निखळलं तर माणूस तोंडावर पडतो. पुढच्या चाकात मोटर बसवायची ठरली तेव्हा मी हे वाक्य रोज एकदा स्वतःला ऐकवत होतो, कारण त्या सायकलवर बसणार होते बाबा.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. घर लातुरात, आणि औसा रस्त्यानं जाऊन आत वळलं की नऊ किलोमीटरवर तीन एकर रान. सोयाबीन, तूर, बांधावर दोन आंबे. रोज जायलाच हवं असं तिथं काही नसतं, तरी ते रोज जातात. स्कूटर कधी शिकले नाहीत, आता शिकणार नाहीत. मागच्या वर्षी गुडघा धरायला लागला. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, फक्त चढाला जोर लावू नका. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे. इथं चढ टाळून रानात जायचं म्हणजे रानातच न जाणं.

मी पुण्यात असतो. रात्री फोन होतो. “गुडघा कसाय?” “ठीकय.” हा संवाद आमच्यात सहा महिने चालला. मग एकदा आईनं फोन आतल्या खोलीत नेला आणि हळूच सांगितलं, “चढ आला की उतरून ढकलत नेतात सायकल. येताना एका ठिकाणी बसतात दगडावर. तुला सांगायचं नाही म्हणालेत.”

म्हणून मोटर. आणि मोटर म्हणून चिमटा.

*

सायकल नवी नव्हती. अकरावी-बारावीला, लातूर पॅटर्नच्या भरात, या क्लासवरून त्या क्लासला पळण्यासाठी घेतलेली माझीच: २६ इंची चाकं, मागे सात गिअर, पुढे शॉकअप. मी गेल्यावर बाबांनी ती आपलीशी केली. कॅरिअर लावलं, घंटी बदलली. शॉकअपचे दांडे मात्र गंजले होते. दाबलं की खाली जायचे आणि वर यायला वेळ घ्यायचे. म्हणजे चिमटा बदलायचाच होता.

मोटरचं किट घेताना दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. पहिली कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची अर्ध्या तासाची पॉवर ०.२५ किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बाकीच्या अटी पाळलेल्या असतील, तर अशी सायकल मोटार वाहनात धरत नाहीत. लायसन्स नको, आरटीओ नको. बाबांसाठी हेच योग्य होतं. दुसरी, मोटर पुढेच. मागच्या चाकावर गिअर, त्यावर कॅरिअर, कॅरिअरवर कधी खताची पिशवी, कधी फवाऱ्याचा पंप. आधीच तिथं गर्दी. पुढचं चाक काढायचं, मोटरवालं चाक लावायचं, बॅटरी मधल्या नळीवर. गिअरच्या वाटेला जायचंच नाही. पंक्चर निघालं तर मागचं चाक कुठल्याही टपरीवर खोलता येतं, हाही फायदा.

मग मी वही घेतली आणि हिशोब मांडला. तुम्ही असं किट घ्यायच्या विचारात असाल तर हा हिशोब तुमच्याही कामाचा आहे.

माझ्या किटची मोटर जास्तीत जास्त ३५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. चाकाची त्रिज्या साधारण ३३ सेंटिमीटर. म्हणजे रस्त्यावर सायकलला पुढे ढकलणारा जोर भरतो १०५ न्यूटनच्या आसपास, अकरा किलो वजनाइतका. मागून एखाद्या पोरानं हात लावून ढकलावं, तेवढाच. ऐकायला अगदी निरुपद्रवी.

पण मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तिचा ॲक्सल तेवढ्याच टॉर्कनं उलटा फिरू बघतो. त्याला अडवतं कोण? चिमट्याच्या टोकाची खाच. ॲक्सल खाचेत बसावा म्हणून दोन बाजूंनी तासून चपटा केलेला असतो, दहा मिलिमीटर जाडीचा. आता तेच ३५ न्यूटन-मीटर त्या दहा मिलिमीटरच्या आत झेलायचे. भागाकार करा: ३,५०० न्यूटन. साडेतीनशे किलो. दोन बाजूंच्या खाचांत वाटले तर प्रत्येकी पावणेदोन क्विंटल, म्हणजे सोयाबीनची जवळजवळ तीन पोती, खाचेचे ओठ फाकवायला टपलेली.

नट नीट आवळलेला असेल तर घर्षण यातला बराच वाटा उचलतं. पण नट कधीतरी सैल पडतोच, आणि हा हिशोब त्याच दिवसासाठी आहे. त्या दिवशी ॲक्सल खाचेत गर्रकन फिरतो, मोटरची वायर पिळवटून तुटते आणि चाक खाचेतून खाली उतरतं. साध्या सायकलच्या पुढच्या ॲक्सलला फिरण्याची हौसच नसते. त्यामुळे चिमटा बनवणाऱ्यानं बहुतेक वेळा या जोराचा विचारच केलेला नसतो.

*

विष्णुपुरीला एसजीजीएसमध्ये मी मेकॅनिकल केलं आणि आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांसारखा कोड लिहायला लागलो. चार वर्षांत जे शिकलो त्यातलं रोजच्या कामात काही लागत नाही. पण एक प्रॅक्टिकल डोक्यातून गेलेलं नाही. मशीनमध्ये लोखंडी सळीचा तुकडा दोन्ही टोकांनी पकडायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. माइल्ड स्टीलचा तुकडा ताणला जातो, मध्येच काटा घुटमळतो, तुकडा लांबत जातो, मग मधोमध मान बारीक होते, आणि पुष्कळ वेळ घेऊन तो तुटतो. नंतर कास्ट आयर्नचा तुकडा लावायचा. काटा चढत जातो, तुकड्यावर काहीही दिसत नाही, आणि एकदम खाडकन आवाज. मुली-मुलं दचकून मागे सरकायची. तुटलेली दोन टोकं जोडून धरली तर तुकडा जवळजवळ मूळ लांबीचाच भरायचा. त्यानं शेवटपर्यंत काहीच दाखवलेलं नसतं.

पुस्तकात एकाला ‘डक्टाइल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ब्रिटल’. आपल्या भाषेत वाकणारं आणि ठिसूळ. कोण किती बळकट, हा प्रश्न वेगळा. ठिसूळ वस्तू बळकटही असू शकते. फक्त ती संपताना कळवत नाही.

चिमटा निवडताना हे आठवायचं कारण असं: चांगल्या, महागड्या सस्पेन्शन फोर्कचा खालचा भाग बहुतेक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. साच्यात ओतलेला, दोन्ही पाय आणि खाचा सगळं एकसंध, वजनाला हलका. डोंगरातल्या उड्यांसाठी तो उत्तम आहे. माइल्ड स्टील तुटेपर्यंत वीसेक टक्के सहज लांबतं, ओतीव मॅग्नेशियम त्याच्या तुलनेत फार लवकर संपतं. खाच आतून फाकवणाऱ्या तीन पोत्यांसमोर ते वाकून दाखवणार नाही. तडा जाईल, आणि तो तडा वायसरखाली लपलेला असेल.

*

नांदेडला तरोडा नाक्याजवळ माझा मामेभाऊ राहतो. सायकलवेडा. त्यानं नवा फोर्क घेतला होता आणि जुना माझ्यासाठी काढून ठेवला होता. मी खिशात जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन लातूरहून एसटीनं गेलो. रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झालाय. अहमदपूर-लोहा मार्गे कधी गाडी सरसर जाते, कधी गावात शिरली की जुनी हाडं खिळखिळी होतात.

“नेऊन टाक रे,” दादा म्हणाला. “घेतला तेव्हा बारा हजाराचा होता. तुझ्याकडून काय पैसे घेऊ?”

चुंबक वरच्या दांड्याला चिकटलं. खालच्या पायाला नाही. खाचेपाशी धरलं तर घरंगळून फरशीवर पडलं.

“हे काय करायलास?” दादानं विचारलं.

मी सांगितलं. त्याला पटलं नाही. “अरे, मी याच्यावरून दगडांवर उड्या मारल्यात. मामा काय करणार आहेत असं?”

त्याचा मुद्दा खरा होता. उडी मारली की जोर खालून वर येतो, दांड्यांच्या दिशेनं. त्यासाठीच तो फोर्क घडवलाय. मोटर मात्र खाचेत पहार घालून ती उघडू बघते. दोन्ही जोर, पण दिशा वेगळी. हेच मी त्याला पान्याची मूठ फिरवून दाखवलं. मामी म्हणाली, “जेवून घ्या आधी.” फोर्क नांदेडलाच राहिला.

एक आणखी गोष्ट मी त्याला सांगितली नाही, कारण त्याला वाईट वाटलं असतं. पुढच्या चाकात मोटर बसवली की चांगल्या शॉकअपचाही थोडा अवसानघात होतो. स्प्रिंगच्या वर जे असतं त्याला शॉकअप सांभाळतो. मोटर असते चाकात, म्हणजे स्प्रिंगच्या खाली. माझी मोटर अडीच किलोच्या आसपास. प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगला आधी ते अडीच किलो वर फेकून परत खाली आणायचे, मग बाबांच्या मनगटांचा विचार. म्हणून मोटरवाल्या पुढच्या चाकाला नाजूक शॉकअपवर पैसे उधळण्यात तसाही फारसा अर्थ नसतो.

*

मी हे सगळं बाबांना सांगत होतो. फोर्कचा फोटो बघून तेही थोडे मोहात पडले होते, काळा चकचकीत होता तो. ‘ठिसूळ’ या शब्दावर मात्र ते थांबले आणि किल्लारीबद्दल बोलायला लागले.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे चार वाजत आलेले. बाबा तेव्हा तिशीच्या आत, औसा तालुक्यातच एका शाळेवर. मी जन्मालाही आलो नव्हतो. लातूर-धाराशिवकडची आमच्या वयाची मुलं त्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत मोठी झाली. पण बाबांनी त्या दिवशी सांगितलं ते मी आधी ऐकलं नव्हतं.

“भिंती दोन-अडीच फुटी होत्या रे. दगडाच्या. गावात जाड भिंत म्हणजे मोठेपणा. त्या भिंतींकडं बघून कुणाला वाटलं नसतं पडतील म्हणून.”

दगड आणि माती. वर माळवदाचं वजन. अशी भिंत दाब कितीही सोसते. ताण, हिसका, आडवा हेलकावा मात्र तिला सोसत नाही. १९९२ च्या ऑक्टोबरपासून किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवत होते. जमीन सांगत होती, भिंतींनी काही सांगितलं नाही. आज सिमेंट-काँक्रीटच्या इमारती भूकंपात कशा टिकाव्यात यासाठी जे भारतीय मानक आहे, आयएस १३९२०, ते त्याच १९९३ साली आलं आणि त्याच्या नावातच ‘डक्टाइल’ हा शब्द आहे. त्यातल्या सगळ्या कड्या, सळ्यांची वाकवलेली टोकं, रिंगांमधली अंतरं एका गोष्टीसाठी आहेत: इमारतीनं कोसळण्याआधी वाकावं, तडे दाखवावेत, आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ द्यावा.

“मग तो वाकणाराच घे,” बाबा म्हणाले. विषय संपला.

*

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर जुनं सायकलचं दुकान आहे. मिस्त्रींसमोर मी चुंबक, व्हर्निअर आणि तीन पर्याय ठेवले.

पहिला, बिनस्प्रिंगचा साधा स्टीलचा चिमटा. बळकट, हलका, खात्रीचा. अडचण उंचीची होती. सायकलची चौकट शॉकअपसाठी बनलेली. दुकानातला साधा चिमटा जुन्यापेक्षा चार सेंटिमीटर बुटका निघाला. तो लावला तर सायकल पुढे झुकते, हँडल उथळ होतं, आणि जड पुढच्या चाकासोबत बाबांना तेच नको होतं. योग्य उंचीचा साधा स्टील चिमटा मिळाला तर मी आजही तुम्हाला तोच घ्यायला सांगेन.

दुसरा, मॅग्नेशियमवाला. तो नांदेडलाच बाद झाला होता.

तिसरा, ज्याच्याकडे कुणी सायकलवेडा ढुंकून बघत नाही: स्वस्त सायकलींना येतो तो जडशीळ शॉकअपचा चिमटा. खालचे पाय स्टीलच्या नळीचे, टोकाला स्टीलची पट्टी वेल्ड केलेली, त्या पट्टीत खाच. वजन अडीच किलोच्या वर, किंमत दोन हजारांच्या आत. चुंबक खाचेला असं चिकटलं की ओढून काढावं लागलं.

पण स्टील म्हणजे सगळं सारखं नव्हे. मिस्त्रींनी असे तीन चिमटे काढले. एकाची पट्टी साडेतीन मिलिमीटर भरली. एकाची पाच, पण वेल्डिंग अर्धवट, मध्ये फट. तिसऱ्याची पाच, वेल्ड सलग, दोन्ही खाचा एका रेषेत. मिस्त्रींनी खाचेवर नख फिरवलं, चिमटा डोळ्यासमोर धरून आरपार बघितलं आणि म्हणाले, “हा घ्या. कधी वाकला तर सरळ करून देतो. ते दुसरं तुटलं तर तुम्हाला शोधून द्यावं लागंल.”

मेकॅनिकलच्या चार वर्षांचा सारांश त्यांनी दोन वाक्यांत आटोपला होता.

*

चिमटा घेतला म्हणजे काम झालं असं नाही. आम्ही पुढे काय केलं ते थोडक्यात सांगतो.

दहा नंबरचा पाना ॲक्सलच्या चपट्या भागावर बसवला आणि त्याची मूठ चिमट्याच्या पायाला स्टीलच्या क्लिपनं बांधली. दोन्ही बाजूंना एकेक. याला टॉर्क आर्म म्हणतात. तयारही मिळतात, पाना अंगाला घट्ट बसत असेल तर तोही चालतो. हिशोब परत तोच: ॲक्सलपासून शंभर मिलिमीटरवर पकडलं की ३५ न्यूटन-मीटर झेलायला ३५० न्यूटन पुरतात. साडेतीनशे किलोचे पस्तीस झाले. चिमटा कुठलाही असो, पुढची मोटर टॉर्क आर्मशिवाय लावू नका.

खाचेभोवती वायसर सपाट बसतोय का ते बघितलं. काही चिमट्यांना तिथं खोलगट वाटी किंवा ओठ असतो. मोठा वायसर त्याच्या कडेवर टेकला तर नट कितीही आवळा, पकड खोटी असते. आमच्या चिमट्याचा ओठ कानशीनं थोडा सपाट करावा लागला. मोटरची वायर ॲक्सलमधून निघते, ती खाली वळवून मग वर नेली, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळून मोटरमध्ये न जाता खाली पडतं. मोटर आतून गिअरवाली आहे, तिच्यात ब्रेक लावताना बॅटरी भरण्याची सोय नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण त्या सोयीत ॲक्सलला आलटूनपालटून दोन्ही दिशांनी हिसके बसतात आणि नट लवकर सैल होतो. कंट्रोलरला सुरुवात हळू करायला लावलं. पुढच्या चाकावर भार कमी असतो, खडीवर एकदम जोर दिला तर ते जागच्या जागी फिरतं.

आराम राहिला. तो शॉकअपकडून थोडाच मागायचा. आमच्या रानाकडचा रस्ता काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटेसारखं उठतं-बसतं. अशा रस्त्याला रुंद टायर औषधासारखा लागू पडतो. २.१ इंची टायर घेतला आणि बाबांच्या वजनाला हवा चाळीस पीएसआयच्या आसपास ठेवली. मग शॉकअपच्या दांड्याला रबर बँड लावून बाबांना सीटवर बसवलं. उतरल्यावर रबर तेरा मिलिमीटर सरकलेलं होतं, ६३ मिलिमीटरच्या चालीत पाचवा हिस्सा. बरोबर. स्प्रिंगचा नॉब तिथंच ठेवला.

शेवटी दोन्ही नटांवर आणि चिमट्याच्या पट्टीवर मिळून पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढली. नट हलला की रेघ मोडते. दर रविवारी बघायचं: रेघ सलग आहे का, खाच फाकली आहे का, रंगाला कुठं केसाएवढी भेग आहे का. स्टील निवडलं ते या रविवारसाठीच. ते बिघडायला लागलं तर दिसतं. पण दिसायला कुणीतरी बघावं लागतं.

बाबा बघतात. चौतीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस आहे. शाळेतून आणलेल्या कोऱ्या हजेरीपटात त्यांनी रकाने आखलेत आणि दर रविवारी त्या पानाचा फोटो मला पाठवतात. तारीख. किलोमीटर. डावा नट. उजवा नट. खाच. हवा. हे सगळे रकाने मी सांगितलेले होते.

चौथ्या फोटोत एक रकाना जास्त होता, बाबांच्या वळणदार अक्षरात: गुडघा. सोमवार ‘बरा’. मंगळवार ‘बरा’. बुधवार ‘दुखला, दगडावर बसलो’. गुरुवार ‘थोडा’. शनिवार ‘चढ न उतरता’.